जांभ्या जमिनीतला स्फुरद: पोत्यातून ओतायचा की पातेऱ्यातून फिरवायचा?

सडेकर

विषय रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काजूबागांपुरता ठेवू, नाहीतर धागा विदर्भातल्या कपाशीपर्यंत भरकटेल.

मोठ्या काजूला वर्षाला 1 किलो नत्र, 250 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस), 250 ग्रॅम पालाश ही मात्रा सगळ्यांना पाठ आहे. 7 बाय 7 मीटरवर हेक्टरी 200 झाडं, म्हणजे 50 किलो स्फुरद. 16 टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटची सव्वासहा पोती झाली. आता बागेतून बाहेर काय जातं ते बघा. हेक्टरी टनभर बी धरू. त्यात गर 28-30 टक्के, गरात फॉस्फरस 0.6 टक्के. टरफलातला चिमूटभर मिळवून सगळा मिळून 2 किलो. बोंडं बहुतेक ठिकाणी झाडाखालीच कुजतात. 50 आत, 2 बाहेर. दरवर्षी. उरलेला स्फुरद जांभ्यातल्या लोहाला चिकटून बसलाय आणि आपण त्याच्यावर आणखी ओततोय.

माझं म्हणणं: दहा वर्षांच्या पुढच्या बागेत सुपर बंद करा. जमीन तणनाशक मारून उघडी ठेवायचं थांबवा, द्विदल आच्छादन आणि पातेरा (झाडाखाली गळलेली पानं) यांच्यावर स्फुरद फिरता ठेवा.

पोतंभर

असहमत, आणि आधी तुमचा हिशेब दुरुस्त करतो. खताच्या पोत्यावरचा स्फुरद हा ऑक्साइड असतो, गरातला 0.6 टक्के हा मूलद्रव्य फॉस्फरस. दोन्ही एका पारड्यात घालायचे तर मूलद्रव्याला 2.29 ने गुणा. तुमचे 2 किलो म्हणजे 4.6 किलो. 50 ला 2 नव्हे, 50 ला साडेचार. तरी जास्तच आहे, मान्य. पण पंचवीस पट आणि अकरा पट यात फरक आहे.

दुसरं. आच्छादन स्फुरद तयार करत नाही. नत्र हवेतून येतं, स्फुरदाला हवेतला साठा नाही. गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) उदाहरण घ्या, सगळे त्याच्याच आरत्या ओवाळतात. एक टन ओला पाला वाळून साधारण सव्वादोनशे किलो भरतो. त्यात 0.2 टक्के फॉस्फरस धरला तर अर्धा किलोसुद्धा नाही. शिफारशीतला 50 किलो ऑक्साइड म्हणजे जवळपास 22 किलो फॉस्फरस. तेवढ्यासाठी हेक्टरी पन्नास टन ओला पाला लागेल. कुठून आणणार? गडग्यावरच्या (दगडी कुंपणावरच्या) झाडांचा आणलात तर तो गडग्याखालच्या मातीतला स्फुरद आहे, इथून उचलून तिथे ठेवलेला. राबासाठी डोंगरावरची कवळ (डहाळ्या) तोडून दाढीत, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, जाळतो तेव्हाही हेच होतं: दाढीला स्फुरद, डोंगराला ठेंगा.

मृद्गंध

दोघांच्या मध्ये पडतो, कारण दोघंही ‘स्थिर झालेला’ स्फुरद म्हणजे मेलेला स्फुरद असं धरून चाललात.

जांभ्यात गोएथाइट, हेमेटाइट, गिब्साइट ही लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, आणि केओलिनाइट. त्यांच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल असतात. फॉस्फेट त्यांना बाजूला सारून धातूला थेट पकडतं. हे पहिल्या काही तासांत झपाट्यानं होतं. पुढे आठवडे-महिने फॉस्फेट हळूहळू कणाच्या आत झिरपतं, आणि ते परत मिळणं कठीण. म्हणून सुरुवातीची वर्षं जमीन खात राहते. जागा भरत गेल्या की पकड सैलावते आणि त्याच मात्रेतला जास्त हिस्सा मुळांना मिळायला लागतो. पंधरा वर्षं सुपर घातलेली बाग आणि सड्यावर (जांभ्याच्या कातळी पठारावर) नुकती सुरुंग लावून खड्डे मारलेली बाग, दोन्हीला एकच मात्रा देणं हे मुळातच चूक.

तुमच्या बागेचं काय चाललंय ते माती परीक्षणातून कळेल, पण पद्धत विचारून घ्या. आम्ल जमिनीला ब्रे क्रमांक 1 (अमोनियम फ्लोराइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल): त्यातलं फ्लोराइड ॲल्युमिनियमला बांधून त्याच्याजवळचा स्फुरद सोडवतं. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीला ऑल्सन (सोडियम बायकार्बोनेट, सामू म्हणजे pH 8.5). घाटावरच्या प्रयोगशाळांत नमुना कोकणातला असला तरी सरसकट ऑल्सन लावतात. तो आम्ल जमिनीत अगदीच निरुपयोगी नाही, पण एका वर्षी ऑल्सन आणि पुढच्या वर्षी ब्रे असे आकडे शेजारी ठेवून ‘स्फुरद वाढला’ म्हणणं म्हणजे पायलीनं मोजून किलोत लिहिणं.

सडेकर

पोतंभर, 2.29 ची चूक कबूल. पण मी पाल्यातून 22 किलो *द्या* म्हणतच नाहीये. जातो साडेचार, तर भरायचा तेवढाच. बाकी प्रश्न आहे आत पडलेला साठा फिरवण्याचा, आणि तिथे कुठली वनस्पती उभी आहे याला महत्त्व आहे.

तुरीचं घ्या. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम झालं, 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. तांबड्या जमिनीत लोहाला बांधलेला स्फुरद तुरीला घेता येतो, ज्वारीला तेवढा येत नाही. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्लासारखी द्रव्यं स्रवतात, ती लोहाला धरतात आणि फॉस्फेट मोकळं होतं. तुरीनं वर काढलेला स्फुरद पानगळीतून वरच्या थरात येतो, तिथून काजूच्या वरवरच्या मुळांना मिळतो.

शिवाय बुरशीचं जाळं. मुळाभोवतीच्या दोन-एक मिलिमीटरमधला स्फुरद संपला की मूळ उपाशी, कारण फॉस्फेट मातीत सरकतच नाही म्हटलं तरी चालेल. मायकोरायझाचे, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचे, तंतू त्याच्या पलीकडे जातात. उघडी, दरवर्षी उकरलेली जमीन आणि वरून सुपरचा मारा, हे दोन्ही त्या बुरशीच्या मुळावर येतात.

तिसरं, धूप. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, उतार, उघडी जमीन. स्फुरद बारीक कणांना चिकटलेला असतो आणि पावसात पहिले तेच निघतात. हेक्टरी 10 टन माती वाहिली (एक मिलिमीटरपेक्षाही कमी थर, डोळ्याला दिसत नाही) आणि तिच्यात एकूण फॉस्फरस 0.05 टक्के धरला तर 5 किलो गेला. काजूबियांतून जातो त्याच्या अडीच पट!

भातखाचर

जरा बाजूचं, पण मुद्द्याशी जोडलेलं. भाताच्या मळ्यात पाणी साचलं की तिथलं फेरिक लोह फेरस होतं आणि त्याला बांधलेला स्फुरद सुटतो. म्हणून खरिपात भाताला स्फुरद कमी घातला तरी फारसं बिघडत नाही. पाणी ओसरलं की लोह पुन्हा ऑक्सिडाइज होतं, ताजं आणि अस्फटिकी, आणि ते स्फुरदाला आधीपेक्षाही घट्ट धरतं. मग त्याच शेतात वाल किंवा कुळीथ टाकलात की पीक खुरटतं आणि दोष ‘ओल कमी पडली’ यावर जातो. थोडा सुपर वालाच्या ओळीत, बियाच्या बाजूला घातलेला बरा.

पोतंभर

भातखाचर, पटलं.

सडेकर, धुपीचा मुद्दा बिनशर्त मान्य. तूर मात्र नाही. पूर्ण छत्री झालेल्या काजूखाली ऊन किती पोचतं? तिथे तूर दोन हात वाढून पिवळी पडेल. तूर, ताग, चवळी हे सगळं पहिल्या चार-पाच वर्षांत, दोन ओळींतल्या मोकळ्या पट्ट्यात. आणि गंमत अशी की नेमकी तिथेच द्विदलाला स्वतःला स्फुरद लागतो. नव्या सड्याच्या जमिनीत सुपर न घालता ताग पेरा: मुळांवर गाठी धरत नाहीत, नत्रही नाही आणि पालाही नाही. म्हणजे तुमचं आच्छादन उभं राहायलाच आधी माझं पोतं लागतं.

जुन्या बागेत खाली काय असतं? काजूचाच पातेरा. पान गळण्याआधी झाड त्यातला बराचसा स्फुरद आत ओढून घेतं. वाळक्या पानात 0.1 टक्का उरला आणि कर्ब 45 टक्के धरला तर कर्ब-स्फुरद गुणोत्तर 450. 200 च्या खाली असेल तर कुजताना स्फुरद सुटतो, 300 च्या वर गेलं की उलट सूक्ष्मजीव मातीतला स्फुरद स्वतःसाठी अडवतात. वर टॅनिन, म्हणून कुजणंही रेंगाळतं. सामाजिक वनीकरणातल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली वीतभर पातेरा साचलेला दिसतो, तो सुपीकतेचा पुरावा नव्हे. कुजत नाही म्हणून साचलाय.

आणि वेळापत्रक. फेब्रुवारी ते मे बी वेचायची असते. खाली गवत-वेल असतील तर बी सापडत नाही. वाळलेलं आच्छादन मार्चमध्ये म्हणजे वणव्याला निमंत्रण.

सडेकर

वेळापत्रकाला उत्तर आहे. जूनमध्ये पेरा, फुलोऱ्यावर कापून तिथेच पसरा. ताग 45-50 दिवसांत येतो. वेली आच्छादन ऑक्टोबरात, जमिनीत ओल असताना कापा, म्हणजे वेचणीपर्यंत बरंच कुजतं. खाजकुयलीच्या जातीचं बी आणलंत तर बिनखाजेचंच आणा, आणि वेल कलमावर चढू देऊ नका. महिनाभर लक्ष नाही दिलं तर दोन वर्षांचं कलम गुदमरतं.

पातेऱ्याबद्दल: 450 चं गुणोत्तर नुसत्या पातेऱ्याचं. त्यावर गिरिपुष्पाचा ओला पाला आणि शेण पडलं, आणि खाली कुजकी बोंडं असली, की गणित बदलतं. पातेरा गोळा करून जाळणारेही आहेत. त्याची राख पहिल्या पावसात उतारावरून खाली.

मृद्गंध

राखेवरून आठवलं, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट कोणी अजून काढलं नाही हे नवलच. काढण्याआधीच सांगतो. ते जिवाणू प्रयोगशाळेत निवडले जातात ते बहुधा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या माध्यमावर, भोवती पारदर्शक कडं दिसलं की पास. आपला स्फुरद कॅल्शियमजवळ नाही, लोहाजवळ आहे. कड्यावरून जांभ्याचा अंदाज बांधू नका.

आच्छादनाला पोतंच लागतं म्हणाल तर ते सुपरचंच कशाला? नव्या बागेत सामू 5.5 च्या खाली असेल तर रॉक फॉस्फेट चांगलं काम करतं, कारण ते विरघळायला आम्ल लागतं आणि ते आपल्याकडे फुकट आहे. फक्त दोन खतांचे नियम उलटे आहेत, तिथे लोक चुकतात. सुपर पाण्यात विरघळणारं, म्हणून मातीशी संपर्क जितका कमी तितकं बरं: दाणेदार घ्या, शेणखतात मिसळा, झाडाच्या घेराखाली वीतभर खोल चरात एका पट्ट्यात द्या. रॉक फॉस्फेट पिठासारखं बारीक हवं आणि मातीत नीट कालवायला हवं. चरात ढीग घातला तर वर्षानंतर तसाच ढीग सापडेल. आणि त्याच वर्षी चुना टाकू नका. सामू चढला की ते विरघळायचं थांबतं.

सडेकर

म्हणजे नव्या बागेला सुरुवातीला पोतं, हे मी मान्य करतो. जुन्या बागेला माझं म्हणणं कायम. ज्याला पटत नाही त्याने स्वतःच्या बागेत बघावं: सारख्या वयाच्या, सारख्या उताराच्या सहा ओळी. एकाआड एक तीन ओळींत सुपर बंद, बाकी नत्र-पालाश सगळीकडे तेच. तीन हंगाम बी ओळीनुसार वेगळी तोला. मातीचा नमुना मे महिन्यात, 0-15 आणि 15-30 सेंटिमीटर वेगवेगळा. गेल्या वर्षीच्या खताच्या चरातून घेऊ नका, एखादा सुपरचा दाणा आला तरी आकडा फुगतो.

पोतंभर

चालेल, मी हरायला तयार आहे. पण तुमच्या प्रयोगाला भोक आहे. सुपरमध्ये नुसता स्फुरद नसतो. 11 टक्के गंधक आणि 20 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियमही असतं. झाडाला दीड किलो सुपर बंद केलंत म्हणजे दीड-पावणेदोनशे ग्रॅम गंधकही बंद केलंत, तेही अशा जमिनीत जिथे पावसानं धुऊन कॅल्शियम आधीच कमी आहे. बी घटली तर स्फुरदाला श्रेय द्यायचं की गंधकाला? बंद ओळींत झाडामागे किलोभर जिप्सम द्या, त्यातून दोन्ही बऱ्यापैकी भरून निघतं. खाणीतलं जिप्समच आणा. खत कारखान्यातलं फॉस्फोजिप्सम आणलंत तर त्यात थोडा स्फुरद राहिलेला असतो, आणि तुमच्या ‘बंद’ ओळी बंद राहणार नाहीत.