मांडीवरचं बाळ आणि कार सीट : राहवलं नाही म्हणून लिहितेय

दोन पिल्लांची आई
काल इथे कुणी लिहिलं, "आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची ती वेगळी खुर्ची, हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे." खाली 'अगदी बरोबर'ची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना. ताशी ५० किमीने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ जवळजवळ १४० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठली आई तेवढं धरून ठेवेल? त्यात तिने पट्टा लावला नसेल, तर तिचंच वजन बाळावर येतं. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७८ पासून लहान मुलांना सीट सक्तीची केली, पण मोठ्या माणसाने हातात धरलेलं मूल चालेल अशी पळवाट ठेवली. ती १९८१ मध्ये बंद करावी लागली.

जुना चालक
आम्ही पाच भावंडं मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून प्रवास करायचो. एकालाही खरचटलं नाही. तीस वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवू नका.

दोन पिल्लांची आई
ज्यांच्या घरी झालं, ते अशा आठवणी सांगायला येत नाहीत, काका.

बाबा२
आमच्या घरी झालं. धडकही नव्हती, नुसता जोरात ब्रेक. मुलगा बायकोच्या हातातून सुटला आणि कपाळ पुढच्या सीटवर. चार टाके. ती अजून म्हणते, "मी घट्ट धरलं होतं." तिने धरलंच होतं हो.

सुमेधा
वाचून वाईट वाटलं. पण नवी सीट प्रत्येकाला परवडत नाही. मी नणंदेची वापरलेली घेतली, उत्तम आहे.

बाबा२
अपघातात सापडलेली नाही ना? धडकेने कवचाला गेलेली चीर बाहेरून दिसत नाही. शिवाय प्लास्टिक उन्हातान्हाने ठिसूळ होतं, म्हणून बऱ्याच सीटवर मुदत छापलेली असते.

सुमेधा
म्हणजे माझी नणंद माझ्या मुलीला मोडकी वस्तू देईल? घरच्या माणसांबद्दल जपून बोला.

अनुजा_के
खोटं कुणी बोलत नाही, सांगायचं राहून जातं. चुलत बहिणीने सीट दिली. वर्षाने गप्पांच्या ओघात कळलं, तिच्या गाडीला मागून जोरदार धडक बसली होती. माझी लेक वर्षभर त्याच सीटमध्ये. आजही अंगावर काटा येतो.

सुमेधा
सगळ्यांनी मिळून मला बेफिकीर आई ठरवलंत, छान. वापरलेली सीट वाईट, मग ज्यांना नवी झेपत नाही त्यांनी काय करायचं?

दोन पिल्लांची आई
हा प्रश्न रास्त आहे आणि मी मघाशी त्याचा विचारच केला नव्हता. खात्रीच्या माणसाची, धडक न बसलेली, मुदतीतली, पुस्तिका आणि सगळे पट्टे असलेली सीट जरूर घ्या. मांडीपेक्षा कितीतरी बरी.

जुना चालक
आणि ते उलटं बसवणं? मूल मागे तोंड करून, चेहरा दिसत नाही, रडतंय की गुदमरतंय कळत नाही.

अनुजा_के
तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीचा चौथा भाग असतं, मान कोवळी. समोरून धडक बसली की तोंड पुढे असलेल्या बाळाची मान सगळा हिसका सोसते. मागे तोंड असेल तर तो पाठीवर पसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमात किमान १५ महिने मागे तोंड आहे, स्वीडनमध्ये लोक चार वर्षांपर्यंत तसंच बसवतात. फक्त समोर चालू एअरबॅग असलेल्या जागी कधीच नाही. ती उघडली तर थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

सुमेधा
सीटच्या तळाशी तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीच मुदत संपलीय. बदलतेय. पण तुमची बोलायची पद्धत मला पटलेली नाही, ती नाहीच.

बाबा२
चुकलं. मुलाचे ते टाके आठवले की माझा आवाज चढतो.

जुना चालक
फळीवर झोपून आम्ही वाचलो, हे खरंच आहे. पण पुढच्या महिन्यात नातू येतोय, सून ऐकणार नाही. घट्ट बसलीय हे ओळखायचं कसं, तेवढं सांगा. पुस्तिकेतली अक्षरं मला दिसत नाहीत.

दोन पिल्लांची आई
सीटमधून जिथून गाडीचा पट्टा जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर सोडून पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तोही सैल आहे. आणि जाड स्वेटर आधी काढा, पांघरूण पट्ट्यावरून घाला.