संकटाच्या वर्षी शिक्षण सुटलं नाही, ते कुणामुळे?

औसेकरीण:

२०१५ सालचा नोव्हेंबर. मी पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, घरचे लातूरकडे, औसा तालुक्यात. सलग दुसरं वर्ष पावसाविना गेलेलं, सोयाबीन बियाण्याइतकंही निघालं नव्हतं. अण्णा फोनवर एवढंच म्हणायचे, "तू अभ्यासाचं बघ." बैलजोडी विकली हे मला चुलतभावाकडून कळलं. मेसचे दोन महिने थकले होते, म्हणून मी दुपारचं जेवण सोडलं आणि मैत्रिणींना उपास असल्याचं सांगितलं. आठवड्यात चार उपास झाल्यावर वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. संस्था लहानच, पेठेतल्या जुन्या वाड्यात पंचवीस-तीस मुली. "काही अडचण आहे का?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी "नाही" म्हणून निघून आले असते. त्यांनी विचारलं, "घरी जनावरं किती राहिलीत आता?" तिथे खोटं बोलता येईना.

त्यांनी मेसचं बिल संस्थेच्या खात्यावर टाकायला लावलं आणि माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, की नोकरी लागल्यावर जमेल तसे परत करीन. व्याज नाही, मुदत नाही. रोज संध्याकाळी दोन तास वाचनालयाचं रजिस्टर सांभाळायचं काम दिलं. दुष्काळी गावातल्या मुलांना परीक्षा शुल्क माफ होतं, हेही मला त्यांच्याचकडून समजलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती बातमी मेसमधल्या टीव्हीवर सगळ्या बघत होत्या. मी ताट घेऊन जिन्यात जाऊन बसले.

पैसे २०१९ मध्ये फिटले. बाईंनी कागद फाडला-बिडला नाही. "फेडले" असा शेरा मारून फाइलला लावला. मला ते फार आवडलं.

तुमचेही अनुभव लिहा. कुणी किती देणगी दिली ते नको, नेमकं काय घडलं ते हवं. संस्थेचं नाव नाही घातलंत तरी चालेल.

खडीवाला:

माझी गोष्ट उलटी आहे, चालेल ना? १९७३च्या जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, कामावर सुकडीचा कोरडा खाऊ. गावात दोघं पास झालो, मी आणि माझा वर्गमित्र. त्याचे मामा पुण्यात प्रेसमध्ये कामाला. त्यांना विद्यार्थी सहाय्यक समिती ठाऊक होती. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये काढलेली, खेड्यातल्या गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय करणारी. मित्र तिकडे गेला. स्वतःचं ताट स्वतः घासायचं, काम करत शिकायचं, असं तो पत्रात लिहायचा. पुढे बँकेत लागला. माझे मामा आमच्याच शेजारी खडी फोडत होते. मला सांगणार कोण? मार्क माझे सात जास्त होते. असो. नातीला मात्र जाहिरात दिसली की पहिली माहिती काढायला लावतो.

माळवद:

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती आणि त्यावरचं माळवद, म्हणजे मातीचं जड छप्पर, खाली आलं. मी तिसरीत होतो. आमच्या घरातले पाच गेले, आजी आणि मी उरलो. चुलत्याच्या घरात एकटा चुलतभाऊ.

भारतीय जैन संघटनेनं, म्हणजे शांतिलाल मुथ्थांनी, भूकंपातली सुमारे १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. पुढे वाघोलीला त्यांचं मोठं केंद्र उभं राहिलं. चुलतभाऊ गेला. मला न्यायलाही माणसं आली होती. आजी म्हणाली, "मेलेली देवानं नेली, हे जितं लेकरू मी कुणाच्या हाती देऊ?" त्यांनी जोर केला नाही. पुन्हा एकदा येऊन विचारलं आणि गेले.

मी पत्र्याच्या शाळेत शिकलो. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की गुरुजी लिंबाखाली बसवायचे. मदतीच्या ट्रकमधून स्वेटर ढिगांनी उतरले, पाटी-पेन्सिल मागून मिळेना. भाऊ सुट्टीला आला आणि पुणेरी बोलीत "मला भूक लागलीये" म्हणाला, तर आजीला हसू आणि रडू एकदमच आलं. तो इंजिनिअर झाला, मी शिक्षक. आजीचं चुकलं का, यावर आम्ही दोघं अजून भांडतो. तो म्हणतो चुकलं. मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी जेवलो, ते त्यानं कुठे धरलंय?

कृष्णाकाठ:

सांगली, ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडलं. ओसरल्यावर कपाट उघडलं तर दहावी-बारावीच्या मार्कलिस्टांचा लगदा. तेव्हा सगळे वह्या वाटत होते. गल्लीतल्या एका छोट्या ट्रस्टनं मात्र शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून "कुणाचं काय भिजलं" एवढीच यादी केली. मग दुय्यम प्रतीचे अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोर्डाची फी, सगळं त्यांनी केलं. एक निवृत्त हेडक्लार्क काका होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांना दिवसाला तीन चहा पाजले की झालं.

वह्या आमच्या घरात अजून पडून आहेत.

नाव नको:

बाबांनी फवारणीचं औषध घेतलं तेव्हा मी नववीत होते. एका ट्रस्टनं शिष्यवृत्ती दिली, त्याबद्दल कृतज्ञ आहे, खोटं कशाला बोलू. पण दरवर्षी कार्यक्रमात स्टेजवर बोलवायचे आणि माईकवर नावाआधी "आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील कन्या" म्हणायचे. पुठ्ठ्याचा मोठा चेक धरून फोटो. बारावीच्या वर्षी मी ताप आल्याचं सांगून गेले नाही. चेक पोस्टानं आला, तेव्हा कळलं की पोस्टानंही येतो.

डबेवाली ताई:

वरचं वाचून गप्प झाले. आम्हीही फोटो काढायचो. लॉकडाऊनमध्ये वस्तीत शिधा आणि स्वाध्यायाच्या झेरॉक्स वाटताना एका रिक्षावाल्या दादांनी पिशवी परत केली, "पोरगी बघतीय ताई" म्हणाले. त्या दिवसापासून फोटो फक्त पिशव्यांचे. देणगीदार कुरकुरले, दोघं सुटले.

दुसऱ्या लाटेत तेच दादा गेले. वहिनींना बालसंगोपन योजनेचा अर्ज करायचा होता. मृत्यूचा दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा, शाळेचं बोनाफाइड. कागद एकेका कार्यालयात, आणि धुणीभांड्याची चार घरं सुटली तर पगार कापला जातो. आमचं काम काय, तर त्यांच्याऐवजी रांगेत उभं राहायचं आणि सहीपुरतं त्यांना बोलवायचं. पाच चकरा झाल्या. तेव्हा महिन्याला १,१०० रुपये होते, पुढे २,२५० झाले. पोरगी आता अकरावीत आहे, शास्त्र शाखेत.

सीनाकाठ:

अनुभव नाही, अडचण आहे, राग मानू नका. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या दाजींचं शेत मातीसकट खरवडून गेलं, खाली मुरूम उघडा पडलाय. भाची पुण्यात डिप्लोमाला, खोली भाड्यानं घेऊन राहते. ती परत येते म्हणतेय.

औसेकरीण:

आधी तिला येऊ देऊ नका. दिवाळीला येऊ दे, सामान घेऊन नको. दाजींकडे अल्पभूधारक असल्याचा दाखला असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचं विचारा. पण त्याचे पैसे उशिरा येतात, त्यावर घरभाडं ठरवू नका. फीचे हप्ते प्राचार्यांना लेखी मागायचे. मेसचं मी बाईंशी बोलते, त्या थकल्यात पण फोन उचलतात.

परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?

सीनाकाठ:

सोमवार.

औसेकरीण:

तिचा नंबर निरोपातून पाठवा. आत्ता.