मदत हवी आहे : लीजन ऑफ सुपर-हीरोज पुन्हा वाचतोय, क्रम कसा लावू?

मंडळी, डीसी कॉमिक्समधली तिसाव्या शतकातली ही सुपरहीरो पोरांची टोळी मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली आहे. 1958 च्या पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केली. त्यात तिघं भविष्यातून येऊन सुपरबॉयची (म्हणजे पोरवयातल्या सुपरमॅनची) फिरकी घेतात, ते आजही गोड वाटतं. पुढे 1966 पासून जिम शूटर लिहू लागला, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता! टोळीतल्या फेरो लॅडचा मृत्यू तर या खेपेलाही चटका लावून गेला. डार्कसाइड या खलनायकाची 1982 ची मोठी गोष्ट एका बैठकीत संपवली.

गाडी अडली ती 1984 वर. तिथे मूळ मालिकेचं नाव बदलून 'टेल्स' झालं आणि शेजारी चांगल्या कागदावरची नवी मालिका सुरू झाली. टेल्समध्ये वर्षभरानंतर नव्या मालिकेचीच पुनर्मुद्रणं येतात, म्हणजे तिथून पुढे ती सोडली तरी चालेल. पण त्या पहिल्या वर्षाचं काय? दोन्हीकडचा एकेक अंक आलटून पालटून वाचू, की आधी टेल्स संपवू?

दुसरं, 1989 चा 'पाच वर्षांनंतर'चा भाग, जिथे गोष्ट एकदम पाच वर्षं पुढे जाते. पानावर नऊ-नऊ चौकटी, कोण कुठला ते कोणी सांगत नाही, वेशही बदललेले. मागच्या वेळी चौथ्या अंकात हात टेकले होते. पात्रांची वही करून वाचलंय का कुणी? की तसंच रेटायचं?

1994 ला सगळं नव्याने सुरू होतं, ते नंतर बघू. तोवरचाच क्रम सांगा.