रॅपरने जॅझ स्टँडर्ड्सचा तासाभराचा कार्यक्रम कसा बांधावा? (संदर्भ: क्वीन लतीफाचे दोन अल्बम)

आडलय
अमेरिकन रॅपर क्वीन लतीफाचे 'द डेना ओवेन्स अल्बम' (२००४) आणि 'ट्रॅव्हलिन लाइट' (२००७) लागोपाठ ऐकले. १९८९ मध्ये तिचा रॅपचा पहिला अल्बम, पुढे 'शिकागो' चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन, आणि तीच बाई 'लश लाइफ' इतक्या निवांत गाते! आमच्या गटातली रॅप करणारी गायिका असाच जॅझ स्टँडर्ड्सचा (सगळे जॅझ कलाकार गातात-वाजवतात अशा जुन्या गाण्यांचा) कार्यक्रम करून चार गावांत नेणार आहे. साथीला पियानो, डबल बास, ड्रम्स, अल्टो सॅक्सोफोन. तिची लय पक्की आहे, पण लांब सूर धरला की शेवटी उतरतो. गाणी किती घ्यावीत, पट्टी कशी ठरवावी, वादकांना काय लिहून द्यावं?

काळी_चार
आधी पट्टी. छापील पुस्तकातली पट्टी तुमच्या गायिकेचा गळा बघून ठरलेली नसते. गाण्यातला सर्वांत वरचा, धरून ठेवायचा सूर शोधा. समजा गाणं सी पट्टीत आहे, तो सूर वरचा डी आहे, आणि गायिकेला त्याखालच्या ए पर्यंतच मोकळं गाता येतं. म्हणजे पाच अर्धस्वर खाली, पट्टी जी. पण अल्टो सॅक्सोफोनचे सूर ऐकू येतात त्याहून वर लिहायचे असतात, त्यामुळे अल्टोवाल्याला जी पट्टी लिहून देताना ई होते, चार शार्प (चढे सूर). गायिकेला अर्धा स्वर वर झेपत असेल तर ए फ्लॅट घ्या, अल्टोला सुटसुटीत एफ मिळतो. हा निर्णय पहिल्या तालमीआधी घ्या, नंतर बदललात तर सगळे कागद पुन्हा लिहावे लागतात.

प्रत्येक गाण्याला एकच पान. वर पट्टी, गती आणि 'स्विंग' (झुलती लय), 'बॅलड' (संथ गाणं) की 'बोसा' (ब्राझिली ठेका) हे लिहा. सुरुवातीचे चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) कोण वाजवणार, सोलो कुठे, गायिका कुठून परत येणार आणि शेवट कसा, हेही हवं. चार गावांत वादक बदलणार असतील तर हा कागदच तुमचा बँड. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांवर मुंबईचे हॉटेलांतले जॅझ बँड आणि पुढे सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले, ते याच बळावर.

तिहाईवाला
गाण्यांचा हिशोब मांडतो. ३२ बारचं गाणं म्हणजे एका फेरीत १२८ मात्रा. मिनिटाला ६० च्या गतीला पूर्ण फेरी २ मिनिटं ८ सेकंदांची. बॅलडला दोन पूर्ण फेऱ्या आणि वर सोलो असं केलंत तर श्रोता सुटतो. एक फेरी गाणं, १६ बार सॅक्सोफोन, मग गायिका थेट मधल्या भागावरून परत (म्हणजे फेरीचे उरलेले १६ बार): ४ मिनिटं १६ सेकंद. ११ गाणी पुरेत, त्यात बॅलड तीनच, आणि दोन बॅलड शेजारी नकोत.

आता लय. रॅपरला किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरला (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) धरून शब्द टाकायची सवय असते. इथे किक जवळजवळ ऐकूच येत नाही. लय बास आणि राइड झांजेत (सतत ठेका धरणारी मोठी झांज) असते, हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटतो. १२० च्या गाण्याला मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचे ठोके दुसरी-चौथी मात्रा समजून गा. दोन आठवडे रोज वीस मिनिटं. ते अंगात मुरलं की मगच ओळ मागे खेचायला शिकवा. आपल्याकडे समेच्या किंचित मागून येतात तशीच ही गंमत आहे, पण सम कुठे आहे हे आत पक्कं असावं लागतं. नाहीतर गायिका मागे राहते, ड्रमर तिच्यासाठी थांबतो आणि गाणं हळूहळू बसतं.

'मूडीज मूड फॉर लव्ह' मात्र तिने जरूर ऐकावं. जेम्स मूडीने १९४९ मध्ये स्वीडनमध्ये वाजवलेल्या सॅक्सोफोन सोलोच्या प्रत्येक सुरावर एडी जेफरसनने शब्द बसवले, आणि १९५२ मध्ये किंग प्लेझरने ते ध्वनिमुद्रित केलं. भराभर शब्द, त्यातही नेमका सूर. रॅपकडून जॅझकडे येताना याहून सरळ पूल मला माहीत नाही. लतीफाच्या २००४ च्या अल्बममध्ये ते आहे, ही निवड मला फार आवडते. 'लश लाइफ' मात्र पहिल्या कार्यक्रमात नको. सुरुवातीचा भाग जवळजवळ मुक्त लयीत आहे आणि चाल अर्धस्वरांनी सरकते. लतीफाने ते १९९८ च्या 'लिव्हिंग आउट लाउड' चित्रपटात जॅझ गायिकेच्या भूमिकेत गायलं होतं, अल्बम त्यानंतर सहा वर्षांनी आला.

फेडर_खाली
ध्वनीबद्दल दोन गोष्टी. रॅपर माइकची जाळी मुठीत धरतात. त्याने मागची छिद्रं झाकली जातात, माइक चहूबाजूंचं ओढतो, आवाज नाकात बसतो आणि शिट्टी सुरू होते. ब्रशने वाजणाऱ्या ड्रम्सशेजारी हे लगेच उघडं पडतं. हात दांड्यावर हवा. हळू ओळीला ओठांपासून ५-७ सेंटीमीटर, खुल्या आवाजाला १५-२०. गायिकेने हाताने हे केलं की कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) २:१ वर ठेवून ३-४ डेसिबलच दाबावं लागतं. रॅपचं जुनं सेटिंग तसंच लावलंत तर श्वास आणि शब्द एकाच उंचीचे ऐकू येतात, बॅलड मरतं.

आडलय
आभार! सूर उतरण्याचं काय? तानपुऱ्यावर रियाज चालेल?

काळी_चार
सुरुवातीला चालेल, पण तिथेच थांबू नका. तानपुऱ्याचा सा हलत नाही, जॅझमध्ये मात्र सुराखालची जमीन सरकते. जी पट्टीतला बी हा जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) तिसरा असतो, सी कॉर्डवर तोच सातवा होतो, आणि कानाला नवा वाटला की गळा डळमळतो. पियानोवाल्याने कॉर्ड सावकाश बदलत राहावं, हिने एकच सूर आठ मात्रा धरावा. दुसरं, रॅपमध्ये शब्द शेवटच्या व्यंजनावर पटकन मिटतो. इथे स्वर उघडा ठेवून व्यंजन अगदी शेवटच्या मात्रेवर टाकायचं. तोंड आधी मिटलं की सूर खाली येतोच.

तिहाईवाला
आणि शेवटाची खूण आधीच ठरवा. मिटलेली मूठ म्हणजे थांबा, डोक्यावर टिचकी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शेवटची ओळ तीनदा म्हणणार असाल तर कागदावर 'तीनदा' असं शब्दात लिहा.