मदत हवी आहे: लेकीचा प्रयोग 'ये साइंस नहीं है' म्हणून बाजूला ठेवला, आता अकरावीला कंप्युटर घ्यावा का?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. आमची मराठी इंदुरी आहे, मधेमधे हिंदी घुसेल, सांभाळून घ्या.

मी एमसीए, २००५ चा, तेव्हापासून कोड लिहूनच घर चालतंय. मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, सीबीएसई. निकाल यायचाय पण शाळेने अकरावीच्या विषयांचा फॉर्म सोमवारपर्यंत मागितलाय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश ठरलं, घोडं अडलंय पाचव्या विषयावर. कंप्युटर सायन्स की फिजिकल एज्युकेशन? तुम्ही म्हणाल बाप प्रोग्रामर आणि हा प्रश्न पडतो कसा, तर त्याचं कारण नोव्हेंबरात घडलं.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाकीच्या पोरांनी ज्वालामुखी, ठिबक सिंचन वगैरे नेहमीचं केलं होतं. हिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रयोग केला. ५००० ओळी आणि ५००० रकाने असा आकड्यांचा तक्ता मेमरीत मांडायचा, म्हणजे अडीच कोटी आकडे, आणि त्यांची बेरीज करायची. एकदा ओळीने आडवं जात, एकदा रकान्याने उभं जात. उत्तर तेच, बेरजाही तेवढ्याच, पण उभं गेलं की वेळ चौपट-पाचपट लागत होता. आधी तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मग मी तिला कॅशबद्दल सांगितलं (पैशाची नव्हे, प्रोसेसरजवळची छोटी मेमरी), की प्रोसेसर एकेक आकडा आणत नाही, ६४ बाइटचा अख्खा तुकडा उचलून आणतो, म्हणजे ४ बाइटचे १६ आकडे एका खेपेत. आडवं गेलात तर १६ चे १६ कामी येतात, उभं गेलात तर दर पावलाला २०,००० बाइटची उडी, आणि आणलेल्यातले १५ बहुतेक वाया. माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली म्हणजे मिसळणाच्या डब्यासारखंच की, डबा ओट्यावर असला तर फोडणी जळत नाही. मला वीस वर्षांत इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

पुढचं मात्र पोरीने स्वतः केलं. ती म्हणाली, बाबा असं असेल तर छोटा तक्ता अख्खा डब्यात मावेल, मग फरक पडायलाच नको. वहीत आधी तसं लिहून ठेवलं आणि मग ५० बाय ५० चा तक्ता करून बघितला. फरक जवळजवळ नाहीच! मग आकार वाढवत वाढवत आलेख काढला, कुठे फाटा फुटतो ते दाखवलं.

परीक्षक म्हणून जे सर होते त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, बेटा ये तो कंप्यूटर का प्रोजेक्ट है, इसमें साइंस कहाँ है? विज्ञान म्हणजे निसर्गाचा अभ्यास, हे तर माणसाने बनवलेलं यंत्र. झालं, तिचा तक्ता हस्तकलेच्या टेबलाकडे गेला, लोकरीच्या बदकांशेजारी. घरी येऊन रडली नाही, पण विचारलं की सायन्स नाहीये तर नावात कशाला लावलंय. मी आं-ऊं करत बसलो.

परवा पाडव्याला श्रीखंड खाता खाता हाच विषय निघाला आणि आमच्या घरातल्या तीन प्रोग्रामरांची व्हिडिओ कॉलवर जुंपली. मावसभाऊ योकोहामाला असतो. त्याच्या मते आपण भारतात उगाच तंडतोय, जपानात २०२२ पासून हायस्कूलला हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, पुढे साहित्य शिकणाऱ्यालासुद्धा, आणि २०२५ च्या जानेवारीपासून विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत त्याचा ६० मिनिटांचा, १०० मार्कांचा पेपर असतो. त्याचा मुलगा पहिल्याच बॅचमधला. आणि तिथे विषयाचं नावच 'जोहो', म्हणजे माहिती, त्यामुळे सायन्स आहे का नाही हे भांडणच नाही. मेव्हणा सिंगापूरला, तो म्हणतो की तिकडे २०२० पासून प्राथमिकच्या वरच्या वर्गांत प्रत्येकाला दहा तास कोडिंग असतं, पण दहा तासांत सायन्स नाही शिकत कोणी, फक्त भीती जाते, आणि तेवढंच शाळेचं काम आहे, बाकी इंजिनिअरिंग आहे, पूल बांधण्यासारखं. मी मधे म्हटलं की आपल्याकडे तर अजून मोठी गंमत, कंप्युटर इंजिनिअरिंगला जायला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, कंप्युटर घेतला नसला तरी काही अडत नाही. यावर दोघंही हसले आणि मग म्हणाले मग पीई घे, मार्क तरी मिळतील. तिघंही याच धंद्यातले आणि एकाकडेही पोरीच्या प्रश्नाला उत्तर नाही!

तर मदत अशी हवी आहे: पाचवा विषय कोणता, तिला काय उत्तर देऊ, आणि प्रयोगात खरंच काही खोट होती का.

खटपट्या_४५२: दादा पीई. जेईई करायचीय ना? भंवरकुआंला कोचिंगमधे सकाळ-संध्याकाळ जाणार, त्यात पायथनच्या फायली कोण लिहिणार. सायन्स आहे की कला आहे ते नोकरी लागल्यावर बघू.

सेवउसळ: बडोद्याहून. प्रयोग झकास आहे पण मी परीक्षक असतो तर वेगळ्याच गोष्टींवर पकडलं असतं. कंपायलरचं (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आपणच वेगवान करून देणं, बंद ठेवलं होतं का? जीसीसी या कंपायलरला ओ-३, म्हणजे जास्त वेगाची सूचना, दिली तर तो कधीकधी आडव्या-उभ्या लूपची अदलाबदल आपणच करून टाकतो, मग उभं-आडवं सारखंच दिसेल आणि पोरगी म्हणेल कॅश वगैरे थाप आहे. दुसरं, प्रत्येक वेळी आधी आडवं मग उभं अशाच क्रमाने चालवलं का? मग दुसऱ्याच्या वाट्याला लॅपटॉप तापलेला येतो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, तीस वेळा चालवायचं आणि मधला आकडा घ्यायचा. चार्जर लावलेला की नाही हेही वहीत लिहायचं, बॅटरीवर प्रोसेसर हळू पळवतात. मी नोकरीत परफॉर्मन्सचंच काम करतो, आमचे निम्मे दिवस असल्याच भानगडीत जातात. याला सायन्स म्हणा नाहीतर लोकरीचं बदक.

ग्वाल्हेरकरीण: मी ग्वाल्हेरला अकरावी-बारावीला हाच विषय शिकवते, म्हणून थोडं आतलं सांगते. पेपर ७० चा, प्रॅक्टिकल ३० चं. बारावीला ७० पैकी ४० पायथन, २० डेटाबेस, १० नेटवर्क. जे आहे ते चांगलं आहे, पण तुमच्या लेकीने जे केलं, म्हणजे अंदाज बांधला, मोजलं, अंदाज ताडून बघितला, ते यात कुठेच नाही. प्रॅक्टिकलची फाइल तर वर्गातला एक मुलगा लिहितो आणि बाकीचे उतरवतात, हे मला ठाऊक असतं आणि त्यांना ठाऊक असतं की मला ठाऊक आहे. तेव्हा विषय जरूर घ्या, पण तो घेतला म्हणजे सायन्स शिकली असं समजू नका.

नावाचं म्हणाल तर आमच्या वर्गात दरवर्षी हा घोळ होतो. हिंदीत 'कंप्यूटर विज्ञान', माझ्या डोक्यात मराठीतलं 'संगणकशास्त्र'. आता शास्त्र आपल्याकडे कशालाही लागतं, पाकशास्त्र, नाट्यशास्त्र, ज्योतिषालासुद्धा लावतात. नियमांची नीट घडी बसवली की झालं शास्त्र. विज्ञान म्हटलं की मात्र लोक प्रयोगशाळा शोधायला लागतात. मला आपला मराठी शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. डेन्मार्कचा संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर, त्याला पण हे 'कंप्युटर सायन्स' नाव पसंत नव्हतं, त्याने १९६६ मधे 'डेटालॉजी' सुचवलं, कोपनहेगनच्या विभागाचं नाव त्यावरूनच पडलं. फ्रेंच लोक तर १९६२ पासूनच 'अँफोर्मातिक' म्हणतात, माहितीवरून बनलेला शब्द. जपानी जोहो त्याच वाटेवरचं.

खटपट्या_४५२: ताई, म्हणजे तुम्हीच सांगताय की फाइल उतरवतात, मग पीईच बरा की!

ग्वाल्हेरकरीण: पीईचीही फाइल असते हो.

जुनं_पंचकार्ड: उशिरा वाचलं. मी आता निवृत्त, पण हा वाद माझ्या केसांइतकाच जुना आहे, फरक इतकाच की वाद टिकलाय.

त्या सरांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो मोठ्या लोकांनीही मांडलाय. फ्रेड ब्रुक्स, ज्याने आयबीएमच्या ३६० या कंप्युटरांच्या मालिकेची धुरा वाहिली, त्याने १९९६ मधे स्वच्छ लिहिलं की आपण हत्यारं घडवणारे कारागीर आहोत, शास्त्रज्ञ अभ्यासासाठी बांधतो आणि इंजिनिअर बांधण्यासाठी अभ्यास करतो. उलट बाजूला नेवेल, पर्लिस आणि सायमन या तिघा अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९६७ मधे 'सायन्स' या साप्ताहिकालाच पत्र लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं साधं, वनस्पती आहेत म्हणून वनस्पतिशास्त्र, तारे आहेत म्हणून खगोलशास्त्र, तसे कंप्युटर आहेत म्हणून त्यांचं शास्त्र. मानवनिर्मित आहेत हा आक्षेपही त्यांनी त्यातच घेतला आणि खोडला.

मला विचाराल तर मुलीने सरांना एकच विचारायला हवं होतं: सर, वाफेचं इंजिन कुठल्या झाडाला लागतं? सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मधे इंजिनांचाच अभ्यास केला, जास्तीत जास्त किती काम काढता येईल म्हणून, आणि त्यातून थर्मोडायनॅमिक्स उभं राहिलं. अकरावीला ते फिजिक्सच्याच पुस्तकात आहे, कोणी हस्तकलेत टाकलेलं नाही.

पण सगळं कंप्युटर सायन्स असं मोजमापाचं नाही, हेही तिला सांगा. २००२ मधे आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवायची खात्रीची रीत शोधली, त्यातले दोघं नुकतेच बीटेक झालेले. त्यात स्टॉपवॉच कुठेच नाही, ते निखळ गणित. तेव्हा एका पाटीखाली तीन दुकानं आहेत, गणिताचं, प्रयोगाचं आणि सुतारकामाचं, आणि प्रत्येक दुकानदार म्हणतो मालक मीच. चीनमधे 'संगणक विज्ञान आणि तंत्रज्ञान' हा विषय इंजिनिअरिंगच्या खात्यात मोडतो पण पदवी विज्ञानाचीही देता येते. त्यांनी भांडण सोडवलं नाही, दोन्ही शिक्के करून ठेवले. इतका व्यवहारीपणा आपल्याला जमत नाही.

जाता जाता एक आठवण. १९८४ मधे सरकारने शाळांसाठी 'क्लास' योजना काढली, बीबीसी मायक्रो यंत्रं आली. आमच्या शाळेत आलं तेव्हा खोलीबाहेर पायताणं काढून आत जायचं, यंत्रावर कव्हर, पोरं हात मागे बांधून उभी. प्रसाद तेवढा नव्हता. ही खोली बाहेरून अजूनही बऱ्याच शाळांत तशीच आहे, म्हणून तुमच्या मुलीचं कौतुक की तिने त्याला हात लावून विचारलं, तू उशीर का करतोस.

सेवउसळ: काका, वाफेचं इंजिन चोरतोय 🙏

लिंबूटिंबू: एक भर. पुढे खरंच सायन्सच्या अंगाने शिकायचं असेल तर फक्त बीटेकच्या मागे लागू नका. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधे गणित आणि कंप्युटर सायन्स मिळून बीएस्सी आहे, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी पण आहे, तिला जेईई लागत नाही. आणि शेजारच्या देशांचं फार मनावर घेऊ नका, कोरियाने २०२५ मधे शाळांत एआयवाली डिजिटल पाठ्यपुस्तकं आणली आणि त्याच ऑगस्टमधे त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून पूरक साहित्य करून टाकलं. सक्ती करणं सोपं असतं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. सोमवारी फॉर्म भरला, कंप्युटर सायन्स घेतला. खरं सांगायचं तर तुमच्यापैकी कोणाच्या युक्तिवादामुळे नाही, मी तिला सेवउसळ यांची आक्षेपांची यादी वाचून दाखवली आणि ती चिडली. म्हणाली हे सगळे प्रश्न त्या सरांनी विचारायला हवे होते, मग मला राग नसता आला. ऑप्टिमायझेशन बंदच होतं पण ते तिला माहीतच नव्हतं, मी बंद केलं होतं आणि सांगायचं विसरलो, त्यावरून मला बोलणी बसली. वाफेच्या इंजिनाचं वाक्य आजीने पाठ केलंय, पुढच्या पालकसभेला मी जाते म्हणतेय.

धागाकर्ता: तीन आठवड्यांनी परत आलोय, नवीन अडचण. ती आता चिठ्ठ्या टाकून, तीस-तीस वेळा चालवतेय. सकाळी सहाचे आकडे आणि दुपारी दोनचे आकडे जुळत नाहीयेत, दुपारी दोन्ही रीती हळू होतात, आणि इंदूरला सध्या पारा ४२ वर आहे. तिचा संशय उन्हावर आहे, माझा संशय बॅकग्राउंडला चालणाऱ्या अपडेटवर. लॅपटॉपवर उबंटू आहे (विंडोजऐवजी लिनक्स). प्रोसेसरचं आतलं तापमान दर वेळी नोंदवायचं असेल तर कसं वाचायचं?

सेवउसळ: एलएम-सेन्सर्स नावाचं पॅकेज टाका, मग टर्मिनलवर सेन्सर्स एवढंच लिहायचं, तापमान दिसेल. अपडेट बंद करून एक दिवस, चालू ठेवून एक दिवस, म्हणजे बाप-लेकीचा वाद मिटेल. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून चालवताय का?

धागाकर्ता: ...हो.