भाड्यावर द्यायला फ्लॅट, लोन काढून घ्यावा का?

नवखा_पुणेकर: वाकडला 60 लाखांचा टू बीएचके बघितलाय, रिसेल. एजंट म्हणतो भाडं 22 हजार येईल. भाड्यात हप्ता निघेल ना?

सह्याद्री_77: नाही निघणार रे. या किमतीला बँक 80% च्या वर देत नाही म्हणजे 48 लाख, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता 41,600 च्या आसपास बसतो, म्हणजे दरमहा वीसेक हजार खिशातून, शिवाय 12 लाख स्वतःचे आणि 7% स्टॅम्प ड्युटी वर. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलास तर ड्युटी 1% कमी लागते.

हिशेबी_ताई: टॅक्सचं पण बघा दादा. भाड्यावर 30% सरसकट वजावट मिळते, पण नवीन टॅक्स रिजीममध्ये (इन्कम टॅक्सची नवी पद्धत) लोनच्या व्याजामुळे भाड्यात दिसणारा लॉस पगारातून वजा होत नाही, जुन्यात 2 लाखांपर्यंत होतो.

मावळा_पिंपरी: टोकन द्यायच्या आधी सोसायटीत चक्कर मारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा, भाडेकरू त्यावरच सोडून जातात. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून घेते तो) सोसायटीच्या सर्व्हिस चार्जेसच्या 10% च्या वर घेता येत नाही, कमिटीने जास्त मागितला तर भांडा. आणि भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी रजिस्टर कराच, नोटरीवर भागवू नका.