करुसोची ७८ची रेकॉर्ड चढी वाजते: दोष पिनेचा, वेगाचा की रेकॉर्डचाच?

गोदाकाठ: नाशिकच्या जुन्या बाजारात इटालियन ऑपेरागायक करुसोच्या काही लाखेच्या रेकॉर्डी (७८ फेऱ्यांच्या) मिळाल्या. ‘रिगोलेत्तो’ ऑपेरामधलं ‘ला दॉन्ना ए मोबिले’ हे गाणं पेटीवर ताडून पाहिलं. पांढरी सातच्या वर जातं, पण पांढरी एकला पोचत नाही. खरखर प्रचंड, आवाज दबका. टर्नटेबल ७८वर आहे, पिन एलपीचीच. नेमकं काय चुकतंय?

तारसप्तक: आधी पिन बदला. एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८च्या खाचेला ७५च्या आसपास लागतं. बारीक पिन भिंतींना नीट टेकत नाही, तळातल्या कचऱ्यातून घसटत जाते. पिनेचा दाब कार्ट्रिजच्या (पिन धरणाऱ्या भागाच्या) माहितीच्या कागदावर असेल तेवढाच, बहुधा ३ ते ५ ग्रॅम. डावा-उजवा एकत्र करून मोनो ऐका, बरीच खरखर तिथेच जाईल. दबकेपणाचं कारण वेगळं: फोनो प्रीअॅम्प (टर्नटेबलचा आवाज वाढवणारं यंत्र) एलपीच्या हिशेबाने वरचे सूर कापतो. ही मुद्रणं १९२५च्या आधीची, मायक्रोफोनऐवजी भोंग्यातून केलेली. त्यांना ती कापणी नकोच. ट्रेबल वाढवा, बेस उतरवा.

आता सूर. हे गाणं मूळ बी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सात, तुमचा कान बरोबर आहे. त्या काळी सगळं नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित होत नसे. करुसोच्या व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डी ७६-७७ला बसतात. अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. ट्यूनर अॅप ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढं दाखवत असेल तर वेग दोन टक्के उतरवा.

लाखेरी: पेटी जुनी असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. आणि नुसती पट्टी जुळली म्हणजे वेग बरोबर, असंही नाही. ‘के जेलिदा मानिना’ हे ऑपेरातलं गाणं अर्धा सूर उतरवून गाणारे टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) पुष्कळ. तिथे मूळ पट्टी गाठायला गेलात तर गायकाच्या सुराची थरथर बकरीसारखी होते, वेग जास्त झाल्याची तीच खूण. स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या पट्ट्या स्थिर दिसतात) वापरणार असाल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची, ७७ पट्ट्यांची घ्या. अमेरिकन चकतीवर ९२ असतात. बहुतेक एलईडी दिव्याखाली ती चालत नाही, जुना पिवळा बल्ब लावा.

धुताना स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं. पूर्ण वाळल्यावर नव्या पाकिटात उभ्या ठेवा. पावसाळ्यात जुनी कागदी पाकिटं बुरशी धरतात.

पंचवटीकर: फक्त ऐकायचंच असेल तर नॅक्सॉस कंपनीची, जुनी मुद्रणं सुधारणाऱ्या वॉर्ड मार्स्टन यांची करुसो मालिका घ्या, वेगाची डोकेदुखी त्यांनी केव्हाच निस्तरली आहे.

गोदाकाठ: तीही घेईन. पण माझ्या रेकॉर्डवर वाद्यवृंद नाही, पियानो आहे.

तारसप्तक: मग ते १ फेब्रुवारी १९०४चं, व्हिक्टरसाठीच्या पहिल्या बैठकीतलं, वाद्यवृंदाचं १९०८चं. पियानो असणं तुमच्या सोयीचं. ट्यूनर गायकावर नाही, पियानोच्या सुरावर लावा, आकडा डळमळणार नाही.